हॅप्ट आणि रेडमंड 2050: घरांची गरज मोजणाऱ्या सरकारी टूलचा रिव्ह्यू

वॉशिंग्टन स्टेटच्या कॉमर्स डिपार्टमेंटची एक एक्सेल फाईल आहे, हाऊसिंग फॉर ऑल प्लॅनिंग टूल, सगळे तिला हॅप्ट म्हणतात. फुकट डाउनलोड होते. काउंटी निवडायची, लोकसंख्येचा अंदाज टाकायचा, की पुढच्या वीसेक वर्षांत किती घरं लागतील आणि ती कुठल्या कमाईच्या लोकांसाठी लागतील याचा तक्ता समोर येतो. या आकड्यांवरून मग प्रत्येक सिटी आपल्या कॉम्प्रिहेन्सिव्ह प्लॅनमधला हाऊसिंगचा चॅप्टर लिहिते. आपल्याकडे जसा शहराचा विकास आराखडा, डीपी, तसा इथे हा कॉम्प प्लॅन. मी सिअ‍ॅटलजवळच्या रेडमंडला राहते म्हणून हॅप्ट आणि सिटीचा रेडमंड 2050 प्लॅन दोन्ही शेजारी ठेवून वाचलं, आणि हा रिव्ह्यू पण दोन्हीचा मिळून आहे कारण एक वाचल्याशिवाय दुसरं नीट कळत नाही.

ईस्टसाइडला, म्हणजे सिअ‍ॅटलच्या पूर्वेकडच्या रेडमंड, बेलव्ह्यू वगैरे शहरांत, आपली मंडळी जमली की घरांचा विषय निघतोच, व्याजदर काय, बिडिंगमध्ये किती वर जावं लागलं, कुठली शाळा लागते, सगळं तासन् तास चालतं. पण या शहरात मुळात किती घरं व्हावीत आणि कोणासाठी व्हावीत हे कुठे लिहिलं जातं यावर कोणी बोलत नाही. ते इथे लिहिलं जातं, या प्लॅनमध्ये. म्हणून एवढं सविस्तर लिहितेय.

थोडा मागचा संदर्भ देते. ग्रोथ मॅनेजमेंट अ‍ॅक्ट इथे 1990 चा. म्हणजे सिटींनी प्लॅन करायचा, त्यात घरांचा पण विचार करायचा हे तेव्हापासून आहे, पण परवडणाऱ्या घरांच्या बाबतीत कायदा इतकंच म्हणायचा की प्रोत्साहन द्या. 2021 मध्ये हाऊस बिल 1220 पास झालं आणि ते बदललं, आता सगळ्या उत्पन्न गटांच्या घरांचं नियोजन करायचं आणि त्यासाठी जागा मोकळी ठेवायची हे बंधनकारक झालं. शिवाय किती घरं लागतील तो आकडा सिटीने स्वतःच्या मनाने काढायचा नाही, स्टेट देणार. त्यासाठीच हे टूल बनवलं, सोबत तीन गाइडबुकं दिली. स्टेटने हिशोब केला तर वीस वर्षांत 11 लाख नवीन घरं लागणार असं निघालं, आणि त्यातली निम्म्याहून जास्त मीडियनच्या, म्हणजे त्या भागातल्या मधल्या उत्पन्नाच्या, 50 टक्क्यांपेक्षा कमी कमाई असलेल्यांसाठी.

हे टक्क्यांचं प्रकरण म्हाडाचा अर्ज भरलेल्यांना लगेच कळेल. अत्यल्प, अल्प, मध्यम, उच्च असे उत्पन्न गट असतात ना, तसेच इथे, फक्त ते एरिया मीडियन इन्कमवर पडतात: 0 ते 30 टक्के, 30 ते 50, 50 ते 80, 80 ते 100, 100 ते 120, आणि 120 च्या वर. किंग काउंटीत चौघांच्या कुटुंबाचा मीडियन दीड लाख डॉलरच्या आसपास धरतात, म्हणजे 30 टक्क्यांची रेघ साधारण 45 हजारांवर येते. म्हाडात हे गट घर बांधून झालं, लॉटरी निघाली, अर्ज भरायला बसलो की आपल्याला भेटतात. इथे ते घर बांधायच्या कित्येक वर्षं आधी, शहराच्या प्लॅनमध्येच लिहावे लागतात. मला या टूलमधली सगळ्यात जास्त पटलेली गोष्ट हीच. मुंबईचा डीपी 2034 आला तेव्हा 10 लाख परवडणाऱ्या घरांचं लक्ष्य पेपरात छापून आलं होतं आणि लगेच लोक विचारायला लागले की परवडणारी म्हणजे कोणाला परवडणारी? बरोबरच होता तो प्रश्न. हॅप्टच्या तक्त्यात त्याचं उत्तर प्रत्येक कॉलमच्या डोक्यावर लिहिलेलं आहे.

आता रेडमंडचे आकडे. किंग काउंटीला 2019 ते 2044 या काळात 3,08,677 घरं लागणार, त्यातली रेडमंडच्या वाट्याला 20,000. शहरात होती तीसेक हजार, त्यात ही 20,000 नवीन. आणि ती अशी वाटलेली: 0 ते 30 टक्केवाल्यांसाठी 7,025, शिवाय त्याच गटातली पण सपोर्टवाली घरं, म्हणजे ज्यात बेघर आणि आजारी किंवा अपंग माणसांना घरासोबत केस मॅनेजर, उपचार वगैरे मिळतं, ती 3,694. 30 ते 50 साठी 3,870. 50 ते 80 साठी 2,765. पुढे 348, मग 394, आणि शेवटच्या, 120 च्या वरच्या गटात 1,904.

परत एकदा वाचा. टेकमधले आपण बहुतेक जण त्या शेवटच्या 1,904 मध्ये येतो. 20,000 मधले दहा टक्केही नाहीत. आणि जवळजवळ पाऊण हिस्सा, 14,589 घरं, मीडियनच्या निम्म्याहून कमी कमावणाऱ्यांसाठी लागणारेत. बेलव्ह्यूचं तर अजून ठळक आहे, 35,000 पैकी 26,975. सिअ‍ॅटलला 1,12,000 पैकी 62,740, म्हणजे टक्क्यांत बघितलं तर सिअ‍ॅटलपेक्षा आपल्या ईस्टसाइडच्या सिटींवर स्वस्त घरांचा भार जास्त आलाय. काही जणांना हे अन्यायाचं वाटतं पण हिशोब बघा. टूलमध्ये वाटणीच्या दोन पद्धती आहेत, ए मध्ये नवीन वाढीची टक्केवारी सगळ्या सिटींना सारखी, बी मध्ये शेवटी सगळ्यांकडची गटवार टक्केवारी सारखी व्हावी असं, म्हणजे ज्यांच्याकडे आत्ता स्वस्त घरं कमी आहेत त्यांनी जास्त उचलायची. किंग काउंटीने एकूण आकडा स्टेटचा घेतला आणि वाटणीची पद्धत स्वतःची बसवली, त्यात स्वस्त घरं आत्ता किती आहेत हे तर धरलंच, वर हेही धरलं की सिटीत कमी पगाराच्या नोकऱ्या किती आणि त्या करणारी माणसं तिथे राहू शकतात का. मला हे अगदी रास्त वाटतं. माझ्या मुलीच्या डेकेअरमधल्या टीचर मेरिसव्हिलहून गाडी चालवत येतात, पहाटे निघतात, कारण आमची पोरं साडेसातला सोडायची असतात. त्यांना काम रेडमंड देतं पण घर देत नाही. टेबलमध्ये त्यांच्यासाठी कॉलम आहे हे बघून मला खरंच बरं वाटलं.

हे सगळे आकडे बघायचे असतील तर किंग काउंटीच्या काउंटीवाइड प्लॅनिंग पॉलिसीज उघडा, हाऊसिंगच्या चॅप्टरमध्ये टेबल एच-1, त्यात सगळ्या सिटी एकाखाली एक आहेत, सॅमामिश, इसाक्वा, बॉथेल, कर्कलंड सगळे. हॅप्टची फाईल प्लॅनर लोकांसाठी बनवलेली आहे, टॅब्स बऱ्याच आहेत, साध्या माणसाने आधी टेबल एच-1 बघावं आणि मग हा आकडा आला कुठून म्हणून उत्सुकता वाटली तर हॅप्टमध्ये शिरावं. लोकसंख्येचा अंदाज बदलून खाली आकडे कसे हलतात ते मात्र जरूर करून बघा, दहा मिनिटांत सगळी भानगड डोक्यात बसते.

आता ज्यासाठी मार्क कापले ते सांगते. हे टूल आणि हा कायदा घरांची गरज मोजतो, पण सिटीकडून जे मागतो ते घर नाही, घरासाठी जागा. लँड कपॅसिटी. म्हणजे तुमच्या झोनिंगमध्ये, कुठे काय आणि किती बांधता येईल या नियमांत, एवढी घरं बसू शकतात एवढं दाखवा. आणि कुठल्या झोनमध्ये कोणाचं घर बसेल हे ठरवताना ढोबळमानाने असं धरतात की सुटे बंगले म्हणजे 120 च्या वरचे, टाउनहाऊस-डुप्लेक्स वगैरे मधल्या गटांसाठी, आणि जिथे अपार्टमेंट बिल्डिंग बांधता येते तिथे कमी उत्पन्नवाल्यांची घरं होऊ शकतात. होऊ शकतात यात चूक काहीच नाही, सबसिडीवाली घरं शेवटी बहुतेक अपार्टमेंटमध्येच होतात, बंगल्यांच्या झोनमध्ये ती क्वचितच होतात. पण म्हणून अपार्टमेंटचा झोन दिला म्हणजे ती झाली असं होत नाही ना. रेडमंडने लाइट रेलच्या (इथली मेट्रोच म्हणा) स्टेशनांभोवती भरपूर उंची दिली, ओव्हरलेकला टॉवर होऊ शकतात, डाउनटाउनला होतायत, मेरीमूरला होतायत. कागदावर कपॅसिटी बसली. पण त्या जागेवर बिल्डर जी बिल्डिंग बांधणार तिचं भाडं आपल्या डेकेअरच्या टीचरला झेपणारं नसतं, तिला झेपायचं तर कोणीतरी पैसे घालावे लागतात, आणि कोण घालणार हा कॉलम हॅप्टमध्ये नाही.

कायद्याने याचा अगदीच विचार केला नाही असं नाही हां. प्रत्येक गटाची घरं होण्यात काय काय अडचणी आहेत, नियमांच्या, परवानग्यांच्या, आणि निधी किती कमी पडतो, हे सिटीने प्लॅनमध्ये नोंदवायचं असतं. नोंदवायचं. भरून काढायचं बंधन नाही. माझ्या मते 1220 मधली सगळ्यात मोठी उणीव हीच, कारण 0 ते 30 च्या गटात मार्केट स्वतःहून एकही घर बांधत नाही, कुठल्याच शहरात नाही, आणि रेडमंडच्या तक्त्यातली निम्म्याहून जास्त घरं नेमकी त्याच गटातली आहेत. ईस्टसाइडच्या सिटींनी मिळून 1992 मध्ये आर्च नावाची संस्था काढली ती सगळ्यांचे पैसे एकत्र करून अशा प्रोजेक्टना देते, चांगलं काम आहे. मायक्रोसॉफ्टने 2019 मध्ये 50 कोटी डॉलर जाहीर केले, पुढच्या वर्षी ते 75 कोटी केले, तेही मदतीला आलं. पण हे सगळं त्या प्लॅनच्या बाहेरचं, कोणाच्या इच्छेवरचं. शेजारच्या कॅलिफोर्नियात स्टेट दर आठ वर्षांनी सिटीला आकडे देतं आणि प्लॅन स्वतः तपासून मंजूर करतं, नाही जमलं तर बिल्डरला सिटीचं झोनिंग बाजूला ठेवून अर्ज करायची वाट मोकळी होते. त्या पद्धतीवरून तिकडे भांडणं खूप झाली, पण निदान प्लॅन कच्चा ठेवला तर सिटीला जाणवतं तरी.

सपोर्टवाल्या घरांचं वेगळं लिहायला हवं कारण त्यावरून इथे आपल्याच ग्रुपमध्ये खूप वाद झालेत. 2024 च्या सुरुवातीला केनमोर सिटीच्या कौन्सिलने प्लिमथ हाऊसिंग या संस्थेचा साधारण 100 सपोर्टवाल्या घरांचा प्रोजेक्ट नाकारला आणि रेडमंडने तो डाउनटाउनमध्ये, लाइट रेल स्टेशनच्या जवळ घ्यायचं ठरवलं. विरोध जोरात झाला, त्यात आशियाई कुटुंबं बरीच होती, भारतीय पण होते, मुलांच्या सुरक्षिततेची काळजी सगळेच बोलत होते. काळजी खोटी नव्हती, मीही दोन मुलांची आई आहे. पण त्या चर्चेत 3,694 हा आकडा मला कोणाच्याच तोंडून ऐकू आला नाही. 2044 पर्यंत एवढी लागणार असताना ही त्यातली फक्त शंभर. ती बसस्टॉपवर, गाडीत, मेरीमूर पार्कच्या कडेला झोपणारी माणसं आत्ताच आपल्या शहरात आहेत, घर दिलं नाही म्हणून ती नाहीशी होत नाहीत. रेडमंडने तो प्रोजेक्ट घेतला याचे मी प्लॅनला वेगळे मार्क देते, कारण कागदावरचा आकडा जमिनीवर आणताना पहिल्या विरोधालाच सिटी मागे हटली असती तर उरलेल्या 3,594 चा विचारही करायला नको होता.

अजून एक भाग आहे ज्याकडे मंडळी बघत नाहीत. 1220 ने सिटींना हेही सांगितलं की तुमच्या जुन्या नियमांनी कुठल्या वंशाच्या लोकांना बाहेर ठेवलं ते शोधा आणि ते दुरुस्त करायला धोरण लिहा, तिसरं गाइडबुक त्याच्यावरच आहे. हा काळ्या लोकांचा विषय, आपला नाही, असं वाटू शकतं. पण या स्टेटमध्ये 1921 चा एलियन लँड लॉ होता, ज्याला नागरिकत्व मिळू शकत नाही त्याला जमीन घेता येणार नाही असा, आणि 1923 मध्ये सुप्रीम कोर्टाने भगत सिंग थिंड यांच्या केसमध्ये भारतीयांना नागरिकत्व मिळू शकत नाही असा निकाल दिला. म्हणजे त्या काळात आपल्यातलं कोणी इथे आलं असतं तर त्याला जमिनीचा तुकडाही स्वतःच्या नावावर घेता आला नसता. नागरिकत्वाचं दार आपल्यासाठी 1946 ला उघडलं, आणि तो लँड लॉ इथून रद्द व्हायला 1966 उजाडलं. बेलव्ह्यूला जिथे आज मॉल आणि टॉवर आहेत तिथे आसपास जपानी कुटुंबांची स्ट्रॉबेरीची शेतं होती, 1942 मध्ये त्यांना उचलून छावण्यांत नेलं, त्यातली कितीतरी परत आलीच नाहीत. घरं कुठे आणि कोणासाठी हे ठरवणारे नियम काय करू शकतात त्याचा हा इथल्याच मातीतला पुरावा आहे, म्हणून हा चॅप्टर आपण तरी गाळून पुढे जाऊ नये.

ज्यांना स्वतःच्या घरापुरतं काय ते हवंय त्यांच्यासाठी: आईबाबा येऊन सहा महिने राहतात म्हणून बॅकयार्डमध्ये छोटं घर बांधावं का हा प्रश्न बऱ्याच जणांना असतो. प्लॅनसोबत 2023 चे दोन कायदे लागू झालेत. हाऊस बिल 1337 प्रमाणे एका प्लॉटवर अशी दोन जोडघरं बांधता येतात, 1,000 स्क्वेअर फुटांपर्यंतचं घर सिटीला नाकारता येत नाही, मालकाने तिथेच राहिलं पाहिजे अशी अटही घालता येत नाही, आणि इम्पॅक्ट फी (नवीन बांधकामावर रस्ते, शाळा वगैरेंसाठी घेतात ती) मुख्य घराच्या निम्म्याहून जास्त लावता येत नाही. हाऊस बिल 1110 प्रमाणे 75,000 च्या वर लोकसंख्या असलेल्या सिटीत एका प्लॉटवर कमीत कमी चार घरांना, 25,000 ते 75,000 मध्ये कमीत कमी दोन घरांना परवानगी द्यावीच लागते, मोठ्या ट्रान्झिट स्टॉपजवळ त्याहून जास्त. फक्त आधी एचओएचे, म्हणजे तुमच्या कॉलनीच्या घरमालक संघटनेचे, कागद काढा. हे कायदे एचओएच्या नवीन नियमांना आडवे येतात, जुन्या करारांना नाही, आणि आपली बरीच मंडळी जुन्या एचओएमध्येच आहेत. आर्किटेक्टला पैसे द्यायच्या आधी एवढं बघा.

आणि भाड्याने राहणाऱ्यांसाठी, 2025 मध्ये स्टेटने भाडेवाढीला मर्यादा घातली, 7 टक्के अधिक महागाई किंवा 10 टक्के, यातलं जे कमी असेल ते, पण नवीन बिल्डिंगना पहिली 12 वर्षं ती लागू नाही. स्टेशनाजवळच्या चकचकीत बिल्डिंगमध्ये जाताना हे विचारून घ्या.

रेटिंग द्यायचं तर गरज मोजण्याच्या कामात हॅप्टला 5 पैकी पूर्ण 5, माझ्या माहितीतल्या कुठल्याही डीपीने इतकं स्पष्ट लिहिलेलं मी वाचलेलं नाही. रेडमंड 2050 ला 4, नोव्हेंबर 2024 मध्ये मुदतीच्या आत मंजूर केला, चारही लाइट रेल स्टेशनांभोवती घरांना जागा दिली, आणि अवघड प्रोजेक्ट टाळला नाही. दोन्ही मिळून घरं प्रत्यक्षात होण्याच्या बाबतीत 2, कारण पैशांचं उत्तर दोन्हीत नाही. वाचायला घ्या की नको असं कोणी विचारलं तर घ्याच, निदान हाऊसिंगचा चॅप्टर.

आणि आपलं म्हणणं मांडताना एक गोष्ट लक्षात ठेवा. कॉम्प प्लॅन किंवा त्यातला बदल कायद्यात बसत नाही असं वाटलं तर नोटीस निघाल्यापासून 60 दिवसांत ग्रोथ मॅनेजमेंट हिअरिंग्ज बोर्डाकडे जाता येतं, पण सामान्य नागरिक म्हणून जायचं तर सिटीत चर्चा चालू असताना तुम्ही त्या विषयावर तोंडी किंवा लेखी बोललेलं असावं लागतं. नंतर ग्रुपवर कितीही लिहिलं तरी ते धरत नाहीत. प्लॅन आता दहा वर्षांनी बदलणार, पण मध्ये 2029 च्या शेवटी सिटीला पाच वर्षांत काय केलं याचा रिपोर्ट द्यायचाय, त्यात या सात आकड्यांपैकी किती घरं उभी राहिली ते दिसेल. तोवर रेडमंड कौन्सिलच्या मीटिंग मंगळवारी संध्याकाळी असतात, घरून ऑनलाइन बघता येतात, अजेंड्यात हाऊसिंग दिसलं की दोन ओळींचा ईमेल टाका, तेवढ्याने तुमचं म्हणणं रेकॉर्डवर येतं.